१२.८ आलंय म्हणजे नक्की काय आलंय?

पत्र देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं आहे, नाव-गाव देत नाही. नवरा ४६ वर्षांचा, हापूसची कलमं कराराने घेतो. मार्चमध्ये फवारणी करताना गांधीलमाशी मानेवर दोनदा डसली, पाच-सात मिनिटांत घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि माणूस कलमाखालीच आडवा. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं तर बीपी लागत नव्हतं, इंजेक्शन-सलाईनवर माणूस उठला, दुसऱ्या दिवशी घरी. तीन आठवड्यांनी फिजिशियननी ट्रिप्टेज नावाची रक्ताची टेस्ट सांगितली (ॲलर्जीच्या झटक्यात मास्ट सेल नावाच्या पेशी जे रक्तात सोडतात, त्याचं माप). रिपोर्ट आला १२.८, बाजूला छापलेलं "नॉर्मल ११.४ पर्यंत" आणि आकड्यापुढे ठळक एच, म्हणजे हाय. घाबरून अजून दोन लॅबमध्ये केली, १२.१ आणि १३.४. पुण्यातल्या भाच्याने मोबाईलवर वाचून सांगितलं की हे मास्टोसायटोसिस, म्हणजे मास्ट सेल वाजवीपेक्षा वाढायचा आजार, रक्ताच्या कॅन्सरच्या जातीतला. सासूबाईंनी देवळात कौल लावला, तो डावा आला. तेव्हापासून घरात मासे बंद, नवऱ्याला बाग बंद, ऐन सीझन गड्यांच्या हाती. ताई विचारतात, खरं नॉर्मल किती असतं, मुंबईला जाऊन बोनमॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, करून टाकावी का, दोन मुलांचीही टेस्ट करावी का, आणि बाग सोडावी का.

ताई, तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातली तीन पानं त्या १२.८ वर आहेत आणि ज्या दिवशी माणूस हातचा गेला असता त्या दिवसावर साडेतीन ओळी. मी मोजल्या. राग मानू नका, वीस-बावीस वर्षं लॅब चालवली मी, रिपोर्टचं पाकीट काउंटरवर उघडून लोक काय बघतात ते पाठ झालंय. आकडा नाही बघत, एच आहे की एल ते बघतात, आणि एच दिसला की उरलेलं सगळं धूसर. आणि तो एच कोण छापतं? मशीन. ११.४ च्या वर काही आलं की प्रिंटर एच मारतो, ११.५ ला पण तोच आणि २०० ला पण तोच. तुमच्या सासूबाईंनी देवळात कौल लावला आणि तुम्ही लॅबमध्ये, फरक एवढाच की देवळातला फुकट होता. उजवा का डावा, एवढंच विचारलंत दोन्हीकडे. रक्ताचा रिपोर्ट असा डावा-उजवा देत नाही हो.

आता हा ११.४ आला कुठून ते सांगते, कारण तुमच्या सगळ्या घाबरण्याचं मूळ तिथे आहे. धडधाकट माणसांचं रक्त घेतलं, प्रत्येकाचं ट्रिप्टेज मोजलं, लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावलं आणि शंभरातल्या ९५ व्या माणसापाशी रेघ मारली. झालं. म्हणजे रेघेच्या वर जी पाच माणसं राहिली ती पण धडधाकटच होती, त्यांना कुणी आजारी म्हणून रांगेतून बाहेर काढलं नव्हतं. बहुतेकांचं ५ च्या आसपास असतं, पण "बहुतेकांचं" आणि "चांगलं" हे दोन वेगळे शब्द आहेत. देवगडातल्या शंभर पुरुषांची उंची मोजून सर्वात उंच पाचांपुढे एच छापला तर त्यांना काय दवाखान्यात न्यायचं का?

आणि ही रेघही काही दगडावरची नाही. या विषयावर आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांनीच २०२३ मध्ये मांडलं की नॉर्मल १ ते १५ धरा. कारण मधल्या काळात एक गोष्ट कळली. ट्रिप्टेज बनवायची जनुकं आपल्या १६ व्या गुणसूत्रावर असतात आणि काही लोकांकडे त्यातल्या अल्फा जातीच्या जनुकाची एखादी कॉपी जन्मतःच जास्त असते. याला हेरेडिटरी अल्फा ट्रिप्टेसेमिया म्हणतात, जनुकाचं कारण २०१६ मध्ये समोर आलं. युरोप-अमेरिकेत शंभरातल्या पाचेक लोकांकडे ते सापडतं आणि त्यांचं ट्रिप्टेज साधारण ८ च्या वरच असतं, काहींचं १५-२० च्याही वर. त्यातल्या कितीतरी जणांना आयुष्यभर काहीसुद्धा होत नाही. म्हणजे ११.४ ची रेघ मारून आपण यातल्या पुष्कळ चांगल्या माणसांना उगाच आजाऱ्यांत ढकलत होतो. तुमच्या घरच्यांचा आकडा जुन्या रेघेच्या वर आहे, नव्या रेघेच्या आत आहे. माणूस तोच, रक्त तेच.

भाच्याने वाचलं ते मास्टोसायटोसिस, त्यातला आकडा २० आहे. सतत २० च्या वर राहिलं तर तो निदानातला एक मुद्दा धरतात, तोही छोटा मुद्दा, एकट्याच्या जिवावर निदान होत नाही. मोठा मुद्दा असतो तो बोनमॅरोमध्ये मास्ट सेलचे पुंजके सापडणं. आणि "कॅन्सरच्या जातीतलं" हे ऐकायला जेवढं भयंकर आहे तेवढं बहुतेक वेळा नसतं, याचा जो सौम्य प्रकार जास्त करून दिसतो त्यात लोक नीट काळजी घेऊन पूर्ण आयुष्य जगतात. (मास्ट सेल हे नाव जर्मन आहे बरं का, पॉल एर्लिकने १८७८ मध्ये दिलं, त्याला वाटलं ह्या पेशी खाऊन-पिऊन टम्म फुगल्यात म्हणून, जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावराला चारून पोसणं. आमच्या लॅबमधला पोरगा कायम "मस्त सेल" लिहायचा, मी कधी दुरुस्त केलं नाही.)

तीन लॅबचे तीन आकडे आले म्हणून तुम्ही लिहिलंय की "एक तरी खोटं असणार". नाही ताई, तिन्ही एकच आहेत. १२.१, १२.८, १३.४ हा एवढा फरक त्याच माणसाचं रक्त त्याच मशीनवर दोनदा लावलं तरी पडू शकतो. आणि एका लॅबने नॅनोग्रॅम पर एमएल लिहिलंय, दुसरीने मायक्रोग्रॅम पर लिटर, त्यावरून तुमचे दीर म्हणाले ना की हजारपट फरक आहे, तर तसं काही नाही, दोन्हीत आकडा तोच राहतो. उलट तीनदा करून एक चांगली गोष्ट कळली, ती म्हणजे आकडा जागेवर आहे, चढत नाहीये. आता चौथ्यांदा करू नका.

हे झालं आकड्याचं. आता मला वाटतं तुमचा प्रश्नच थोडा बाजूला सरकवायला हवा. तुम्ही विचारताय "नॉर्मल किती", म्हणजे जगाच्या मानाने यांचं किती. पण या टेस्टमध्ये खरी तुलना जगाशी नसते, माणसाची स्वतःशीच असते. धक्क्यावर उभं राहून खाडीचं पाणी चढलंय का सांगायचं तर रोज पाणी कुठवर असतं ते माहीत पाहिजे, दुसऱ्या खाडीचं माप घेऊन काय करणार. ट्रिप्टेजचं अगदी तसंच आहे. मास्ट सेल शांत असतानाही थोडं ट्रिप्टेज रक्तात झिरपत राहतं, ती झाली रोजची पातळी. ॲलर्जीचा मोठा झटका आला की त्या पेशी फुटल्यासारख्या सगळं बाहेर टाकतात, पातळी चढते, तासा-दोन तासांत टोकाला जाते आणि मग दर दोनेक तासांनी निम्मी होत दिवसभरात जागेवर येते.

म्हणून झटका आला तर रक्त अर्ध्या तासापासून चार तासांच्या आत घ्यावं लागतं, आणि दुसरं सगळं निवळल्यावर कमीत कमी २४ तासांनी. मग हिशेब करतात, रोजची पातळी अधिक तिचे २० टक्के अधिक २. यांचं १२.८, त्याचे २० टक्के म्हणजे अडीचच्या वर थोडं, त्यात २, झाले साधारण १७.४. त्या दिवशीचं रक्त याच्या वर असतं तर मास्ट सेल उसळल्या असं नक्की म्हणता आलं असतं. आता दुसरं उदाहरण घ्या, एखाद्या बाईचं रोजचं ४ आहे, तिचा हिशेब येतो ६.८. तिला झटका आला आणि रक्तात ७.५ सापडलं तर रिपोर्टवर एच नाही, काही नाही, स्वच्छ नॉर्मल छापून येणार, आणि तरी तो झटका खरा. कळलं ना मी काय म्हणते? १२.८ वर एच असून माणूस ठीक असू शकतो आणि ७.५ वर एच नसून माणूस मरता मरता वाचलेला असू शकतो.

तुमच्याकडे त्या दिवशीचं रक्त नाही, घेतलंच नाही कुणी. त्यात दवाखान्याची चूक काढू नका, बीपी लागत नसताना त्यांनी आधी माणूस वाचवला ते बरोबरच केलं. जे आहे ते तीन आठवड्यांनंतरचं, म्हणजे ही यांची रोजची पातळी. तो कागद जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कारण पुढे कधी वेळ आली तर तुलना याच्याशीच होणार. एवढी किंमत आहे त्या १२.८ ला, आणि ती मोठी आहे.

आता त्या साडेतीन ओळींकडे येते, मला झोप लागली नाही ती त्यांच्यामुळे. तुम्ही लिहिलंय घाम, अंधारी, कोसळले. अंगावर गांधी उठल्या होत्या का? खाज? ओठ-डोळे सुजले? पत्रात कुठेच नाही. ते विसरलंय म्हणून नाही की नव्हतंच म्हणून नाही, हे मला कळायला मार्ग नाही, पण सगळं त्यावर आहे. स्पेनमधल्या डॉक्टरांनी एक गुणांचा तक्ता बनवलाय, असा झटका आलेल्या माणसात मास्ट सेलचा मूळ आजार शोधावा का ते ठरवायला. पुरुष असेल तर १ गुण. शुद्ध गेली किंवा जायला आली तर ३. रोजचं ट्रिप्टेज १५ च्या आत असेल तर १ वजा. आणि अंगावर गांधी-सूज असेल तर २ वजा, पण गांधी, खाज, सूज यातलं काहीच नसेल तर १ अधिक. दोन किंवा जास्त झाले की शोध घ्या. लावा आता यांना. गांधी उठल्या असतील तर १ आणि ३ चार, त्यातून १ गेला तीन, २ गेले, उरला १. गांधी नसतील तर १, ३, १ पाच, त्यातून १ गेला, चार.

बघा, १२.८ ने त्यात फक्त एक गुण कमीच केलाय. आणि गांधींच्या एका हो-नाहीने तीन गुणांचा फरक पडला. माशी डसून बीपी पडणं आणि कातडीवर काहीच न दिसणं, ही जोडी डॉक्टर लोक गंभीरपणे घेतात, ट्रिप्टेज ८ असतं तरी घेतली असती. म्हणजे तुम्ही घाबरलात त्याचं चूक नाही, फक्त चुकीच्या ओळीला घाबरलात.

तेव्हा आज रात्री जेवताना नवऱ्याला विचारा, टेम्पोत ज्यांनी घातलं त्या गड्यांना विचारा, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असेल तर त्यावर बघा काय लिहिलंय. तळहात-तळपाय खाजत होते का हेही विचारा, पुरुष माणसं हे सांगत नाहीत कधी. आणि अंघोळीनंतर पाठ, पोट, मांड्या बघा, तपकिरी तिळासारखे बारीक डाग पुष्कळ आहेत का, आणि त्यातला एक बोथट वस्तूने पाच-सहा वेळा घासला तर फुगून खाजायला लागतो का. तसं असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

बोनमॅरोचं म्हणाल तर थेट तिकडे उडी नको. शंका वाटण्यासारखं निघालं तर आधी साध्या रक्तावरच केआयटी डी८१६व्ही नावाच्या जनुक-बदलाची टेस्ट होते, हे नाव चिठ्ठीवर असंच लिहून न्या, आणि "जास्त संवेदनशील पद्धतीची" असा शब्द वापरा कारण साध्या पद्धतीत बारीक प्रमाण निसटतं. सोबत क्रिएटिनिन बघून घ्या, किडनी मंद असेल तर ट्रिप्टेज उगाच साठतं, बागेत उन्हात कमी पाणी पिऊन काम करणाऱ्यांचं हे बघितलेलं बरं. मग रक्तविकारांचे किंवा ॲलर्जीचे डॉक्टर ठरवतील मॅरो लागते का. लागली तर करा, लागली नाही तर ते नाही म्हणतील, तेव्हा "करून टाका हो एकदा" असा हट्ट धरू नका. कंबरेच्या हाडात सुई जाते ती काही मनाच्या समाधानासाठी घालायची गोष्ट नाही. आणि कणकवलीहून गाडी पकडायच्या आधी तुमच्या फिजिशियनकडून सगळी हकीगत एका पानावर लिहून घ्या, मुंबईच्या ओपीडीत चार पानी पत्र वाचायला कुणाला वेळ नसतो, मला होता म्हणून वाचलं.

मुलांची टेस्ट नको. अल्फावाली गोष्ट असली तर ती प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, पण ज्या पोराला काही होत नाही त्याच्या रिपोर्टवर एच छापून आणून तुम्ही काय करणार आहात? आणि मोठ्या माणसांत तो केआयटीचा बदल जन्मानंतर कधीतरी शरीरात घडलेला असतो, वारशाने मुलांना जात नाही. पुढेमागे एखाद्या पोराला माशी डसून किंवा कशाने मोठा झटका आलाच तर तेव्हा बघू, आणि तेव्हा चार तासांच्या आत रक्त घ्यायला आठवणीने सांगा.

मासे का बंद केलेत हे मला चार वेळा वाचून कळलं नाही. भाच्याने हिस्टामाइनवाल्या (ॲलर्जीत मास्ट सेल सोडतात त्यातलंच एक रसायन) पदार्थांची यादी पाठवली म्हणून? ज्या माणसाला आजवर मासे खाऊन काही झालं नाही त्याला माशी डसली म्हणून मासे बंद, हा न्याय मला मान्य नाही. एक मात्र खरं, आणि हे दुसऱ्या बऱ्याच जणांसाठी सांगते कारण मालवणहून, रत्नागिरीहून अशी पत्रं येतात की "बांगडा खाल्ला आणि तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकलं, छाती धडधडली, आता जन्मभर बांगडा बंद का". तर बांगडा, कुपा, सुरमई ही मासळी बर्फाशिवाय उन्हात पडून राहिली की त्यात जिवाणूंमुळे हिस्टामाइन तयार होतं, मग तुम्ही तिखलं करा की कडकडीत तळा, ते मरत नाही. खाणाऱ्याला होतं ते ॲलर्जीसारखंच दिसतं, पण ते विष माशातून आलेलं, तुमच्या मास्ट सेलमधून नाही, म्हणून अशा वेळी ट्रिप्टेज चढत नाही. एकाच ताटातल्या तिघांना एकदम झालं तर समजा मासळीच शिळी. कोळंबीचं वेगळं, तिथे खरी ॲलर्जी असते, आणि खाण्याच्या झटक्यात ट्रिप्टेज कधी कधी नॉर्मलच राहतं, तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणून परत कोळंबीवर ताव मारू नका.

बाग. हे सगळ्यात अवघड, कारण इथे आकड्याचा काही संबंध नाही, पोटाचा आहे. माझं मत विचाराल तर सोडू नका, पण पूर्वीसारखंही नको. फवारणीआधी दुसऱ्या कुणीतरी कलमा-कलमाखालून फिरून पोळं बघायचं, पंपाचा फवारा पोळ्यावर गेला की माश्या उठतात, बहुतेक तेच झालं असणार तुमच्याकडे. वर चढणं, झेला घेऊन फांद्यांत शिरणं हे गड्यांनी करायचं, यांनी खाली पेट्या भरायच्या, हिशेब बघायचा. एकट्याने बागेत जायचं नाही, आणि ज्या कोपऱ्यात मोबाईलला रेंज नाही तिथे तर नाहीच. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं.

आणि ॲड्रिनॅलिन. त्या दिवशी माणूस परत आणला तो बहुतेक ह्यानेच. पेनसारखं तयार इंजेक्शन असतं पण तालुक्याच्या मेडिकलात मिळेल असं धरून चालू नका, डॉक्टरांकडून साधी ॲम्प्युल आणि सिरिंज लिहून घ्या आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत, कसं द्यायचं ते तुम्ही आणि एक गडी दोघांनी दवाखान्यात बसून शिका. डोस डॉक्टरांनी वजनावरून ठरवून सिरिंजवर मार्करने रेघ मारून द्यायला सांगा. झटका आला तर आडवं झोपवायचं, पाय वर, आणि बरं वाटलं म्हणून लगेच उठवून टेम्पोत बसवायचं नाही, आडवंच न्यायचं. १०८ ला फोन. इंजेक्शनने बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी परत उलटू शकतं. ॲव्हिलची गोळी याची जागा घेत नाही, ती खाजेसाठी. आणि यांना बीपीची काही गोळी चालू आहे का तेही पत्रात नाही, काही गोळ्यांनी झटका जड जातो, तेव्हा डॉक्टरांना दाखवा पण आपल्या मनाने बंद करू नका.

ॲलर्जीच्या डॉक्टरांना विषाच्या टेस्टबद्दल आणि हळूहळू विष देऊन शरीराला सवय लावायच्या इंजेक्शनांबद्दल जरूर विचारा. ज्यांना ती लागू होतात त्यांना चांगला उपयोग होतो. टेस्ट मात्र डसल्यानंतर महिना-दीड महिना उलटला की करायची, लवकर केली तर फसवी निगेटिव्ह येऊ शकते.

सासूबाईंना काय सांगायचं असं शेवटी लिहिलंत. त्यांना सांगा की गाऱ्हाणं घाला, त्याला माझी हरकत नाही, पण उद्या यांना बाजारात पाठवून ताजा बांगडा आणायला सांगा, बर्फातला, लाल कल्ल्यांचा. आणि त्या गांधींचं काय ते कळलं की मला दोन ओळी लिहा. या वेळी आकडे नकोत.